पान उलटायच्या आधी

हदगावच्या बाजारात सोयाबीनचं वजन झालं, तरी भागवत काटा पुन्हा शून्यावर आणायला लावायचा. आडतीवरचे लोक कंटाळून म्हणायचे, "भागवतराव, सोताच्या सावलीवर तरी भरवसा ठेवा." त्याला त्याचं काही वाटत नसे. त्यामुळेच शाळेबद्दल त्याच्या मनात पाल चुकचुकली, तेव्हा घरात कुणी मनावर घेतलं नाही.

त्याची मुलगी मनस्विनी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला होती. हे भारदस्त नाव नांदेडच्या आत्यानं ठेवलेलं. घरात ती मनूच. राजश्री मॅडम बदलून आल्यापासून शाळेची तऱ्हाच फिरली होती. पोरं चिंचोके मांडून बेरजा करायची, टाळ्यांवर गाणी म्हणायची, चित्रं पाहून गप्पा मारायची. पाटीभर बाराखडी गिरवून आणायचं बंदच झालं.

"नवा अभ्यासक्रम हाय म्हणे," त्याची बायको शिल्पा म्हणाली. "आधी ऐकणं, बोलणं, मंग वाचणं. सगळ्या देशात तसंच चालू हाय. मॅडमनी सांगितलं की सभेत."

"अन् वाचणं कवा येते? का निस्तं बोलून राहिली पोरं वर्षभर?"

"तुमाला कशात बी खोटच दिसते."

पालक मेळाव्यात मात्र उलटंच दिसलं. मनू सगळ्यांसमोर उभी राहिली, पुस्तक उघडलं आणि हरवलेल्या करडाची गोष्ट घडाघडा वाचली. करडू ओरडलं तिथं तिचा आवाज बारीक झाला, म्हातारी रागावली तिथं जाड. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शिल्पानं पदर डोळ्यांना लावला. शाळा समितीचे अध्यक्ष शेषेराव, म्हणजे भागवतचे चुलते, सगळ्यांत मोठ्यानं "वा!" म्हणाले.

भागवतनंही टाळ्या वाजवल्या. पण वाजवता वाजवता त्याचे हात सैल पडले. तो अगदी पुढं बसला होता. करडू विहिरीत डोकावलं, हे वाक्य मनूनं पुरं केलं आणि त्यानंतर पान उलटलं. विहीर तर पान उलटल्यावर, पुढच्या पानावर आली.

घरी आल्यावर त्यानं तेच पुस्तक घेतलं, दुसरीच गोष्ट काढली आणि मनूला मांडीवर बसवलं. "वाच बरं, बाई."

मनूनं चित्राकडं पाहिलं. "एक हत्ती होता. त्याला लई तहान लागली. मंग तो नदीवर गेला..." न अडखळता ती सांगत सुटली. भागवतनं ओळीवर नजर टाकली. हत्ती उसाच्या फडात शिरला होता. पाण्याचं नावसुद्धा नव्हतं.

"नदी कुठं लिवलंय?"

मनूनं बोट ठेवलं. तिथं 'ऊस' लिहिलं होतं.

"करडाची गोष्ट कुणी पाठ करून घेतली तुझ्याकडून?"

"कुणीच न्हाई, पप्पा. मॅडम वाचतात, मी ऐकते."

त्याला ते खरं वाटलं नाही. एवढी लांब गोष्ट काय आपोआप पाठ होते? मेळाव्यात मिरवायला मॅडमनीच घोटून घेतली असणार, पोरीला तसं बोलायला शिकवलं असणार. तो उठून थेट शेषेरावांकडं गेला.

शेषेराव ओसरीवर तंबाखू मळत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि आवाज खाली आणला. "भागवत, या हप्त्यात नांदेडहून सायब लोक येणार हायत शाळा पाहायला. मनूच वाचणार हाय. आता काड्या करू नको."

"काका, तिला वाचताच येत न्हाई."

"बोलती तर छान! सायबाला काय समजणार हाय?"

म्हणजे काकाही यात होते. भागवतला आता गावातल्या सगळ्यांचाच संशय येऊ लागला. कोणाचं पोरगं खरंच वाचतं, कोणाचं नुसतं तोंड चालतं? सगळेच एकमेकांना फसवून राहिलेत की काय?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो शाळेत गेला. मॅडम एकट्याच वर्गात चित्रकार्डं लावत होत्या.

"मॅडम, माझ्या पोरीला नाचवून तुमी कुणाच्या शाबासक्या घेऊन राहिल्या?"

मॅडमचा चेहरा लाल झाला. "नीट बोला, भागवतराव. काय झालं ते तर सांगा."

त्यानं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "शक्य नाही. ती वर्गात सगळ्यांच्या पुढं आहे." मग त्यांनी मनूला हाक मारली आणि तिनं कधी न पाहिलेलं एक कार्ड समोर धरलं. मनू चित्र बघून बोलू लागली. मॅडमनी चित्रावर तळहात ठेवला. मनू थांबली. तिनं मॅडमकडं पाहिलं, वडिलांकडं पाहिलं आणि खालचा ओठ दातांत धरला.

मॅडमनी तिला जवळ घेतलं, खेळायला पाठवलं आणि खुर्चीत बसल्या.

"मी घोटून नाही घेतलं," त्या म्हणाल्या. "पण माझं चुकलं. अभ्यासक्रमात पायऱ्या आहेत. आवाज ओळखणं, अक्षर, शब्द, मग वाक्य. ज्याची जी पायरी, तिथून त्याला पुढं न्यायचं. ही इतकं सुंदर बोलते की मी तिला न तपासताच वरच्या गटात बसवलं."

"म्हणजे पोरगी ढ हाय का?"

"अजिबात नाही. तिचे कान फार तल्लख आहेत. कानावरच तिनं सगळं निभावलं. उद्यापासून अक्षरांच्या गटात घेते."

भागवत बाहेर पडला, पण त्याच्या मनातली गाठ सुटली नाही. चूक कबूल करणं हीसुद्धा एखादी युक्ती असली तर? साहेब येऊन जाईपर्यंत त्याला गप्प बसवायची?

साहेब आले त्या दिवशी तो कामधाम सोडून शाळेच्या दाराशी उभा राहिला. शेषेरावांनी डोळे वटारले, पण तो हलला नाही. पाहुण्यांना चहा झाला. शेषेराव हसत म्हणाले, "आता आमची मनस्विनी गोष्ट वाचून दाखवील."

भागवतनं मुठी आवळल्या.

मॅडम उभ्या राहिल्या. "सर, ती गोष्ट तिला पाठ आहे. वाचायला ती आत्ता कुठं लागली आहे. जे येतं तेच दाखवू द्या." त्यांनी मनूपुढं कार्ड धरलं. त्यावर चित्र नव्हतं.

"क... म... ळ," मनू म्हणाली. मग थांबून, "कमळ."

टाळ्या झाल्या नाहीत. शेषेरावांची मान खाली गेली. आलेल्या साहेबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "आणखी किती मुलं अशी असतील, मॅडम?"

"तपासतेय, सर. काही आहेत."

साहेब मनूशेजारी खाली बसले आणि त्यांनी पुढचं कार्ड उचललं.

शेषेराव पुढं कितीतरी दिवस भागवतशी बोलले नाहीत. शाळेचं नाव घालवलं, असं ते पारावर सांगत. आणखी चार-दोन घरांतली पोरं खालच्या गटात गेली. त्यांच्या आया शिल्पाकडं रागानं बघायच्या. शिल्पानं एकदाही नवऱ्याला बोल लावला नाही. रोज संध्याकाळी भाकरी थापता थापता ती मनूला समोर बसवायची आणि डब्यावरचं, पिशवीवरचं, जे हाती येईल ते वाचायला लावायची. भागवत उंबऱ्यात बसून कान देऊन ऐकायचा. पोरगी खरंच वाचते की आईच्या ओठांकडं बघून बोलते, हे त्याला अजूनही ताडून पाहायचं असे.

दिवाळीच्या सुट्टीत आत्यानं नांदेडहून एक कोरं पुस्तक पाठवलं. घरात कुणीही ते आधी उघडलं नव्हतं. मनू अंगणात बसून अक्षराला अक्षर जोडत होती. "गावा... बाहेर... एक वस... वसती होती." ती अडली. परत मागं गेली. बोटानं जोडाक्षर दाबून धरलं, दोनदा पुटपुटली. "वस्ती. वस्ती होती."

भागवत जागचा हलला नाही. पाठ असलेलं पोरगं असं अडत नाही. अडून, मागं जाऊन, चूक आपली आपण दुरुस्त करत नाही. शिल्पानं विचारलं, "काय झालं हो?" तर तो म्हणाला, "वाचून राहिली."

सुट्टी संपून शाळा उघडली, त्या सकाळी तो फाट्यावर जाऊन थांबला. मॅडम बसमधून उतरल्या तसा तो पुढं झाला. "मॅडम, मनूनं नवं पुस्तक वाचलं. सोता."

मॅडम हसल्या. "कुठं अडली?"

"जोडाक्षरावर."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पर्स खांद्यावर घेत शाळेच्या वाटेला लागल्या. "मग आज तिथूनच सुरू करू."