अंगातल्या वाफा

वस्तरा बँकेतल्या रोखपालांच्या हनुवटीखाली असतानाच मास्तरांच्या छातीतून वाफ उठली. गळा, कान, टाळू. बघता बघता शर्ट पाठीला चिकटला. त्यांनी वस्तरा अलगद उचलून ट्रेमध्ये ठेवला आणि पंख्याखाली जाऊन उभे राहिले. अर्ध्या गालावर फेस घेऊन रोखपाल आरशातून बघत राहिले.

"मास्तर, बरं नाही का?"

"दोन मिनिटं," मास्तर म्हणाले, आणि काही कारण नसताना त्यांचे डोळे भरून आले.

मास्तर म्हणजे त्या सलूनचे मालक आणि एकुलते एक कारागीर. वय चौसष्ट. पुरुषांच्या बढाया ऐकण्यात जन्म गेला होता आणि स्वतःही ते त्यात मागे नव्हते. हिवाळ्यात त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता समजावलं. ही गाठ पुरुषी हार्मोनवर पोसते. ते हार्मोन बनवायचा हुकूम मेंदूतून सुटतो आणि इंजेक्शन तो हुकूमच अडवतं. गाठ उपाशी पडते. पण त्या हार्मोनची सवय मेंदूलाही असते. म्हणून अंगातून वाफा निघतील, मन हळवं होईल, इच्छा मावळेल. मास्तरांनी मान डोलावून इंजेक्शन सुरू केलं होतं. कॅन्सरपुढे बाकीचं किरकोळ वाटलं होतं.

दुपारी जेवताना त्यांनी बायकोला वस्तऱ्याचं सांगितलं. एखाद्याचा गळा चिरण्याआधी दुकान विकून टाकतो म्हणाले. ती बसमध्ये कंडक्टर होती, आता निवृत्त. वाफ छातीतून सुरू होते की मानेतून, आधी जीव घाबरा होतो का, नंतर हुडहुडी भरते का, असं ती एकेक विचारत गेली. सगळं तंतोतंत जुळत होतं.

"तुला कसं माहीत?"

"पाळी जाताना चार वर्षं माझं हेच चाललं होतं. गच्च भरलेल्या बसमध्ये. मी दारात जाऊन उभी राहायचे. लोकांना वाटायचं, बाई किती दक्ष आहे."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, खिडकी उघड."

ती हे चिडून बोलली नव्हती. तरी मास्तरांचा घास तोंडातच फिरत राहिला. त्यांचा चेहरा पाहून तिलाच हसू फुटलं आणि मग त्यांनाही.

तिने त्यांना सुती सदरे काढून दिले, चहा निम्म्यावर आणला, खिशात ओला रुमाल ठेवायला लावला. वाफ येण्याआधी चाहूल लागते, ती ओळखायची आणि हातातलं खाली ठेवायचं, एवढंच. दुकान विकायचं नाव काढायचं नाही. तिने काय नोकरी सोडली होती?

पुढच्या खेपेला रोखपाल आले तेव्हा मास्तरांनी आजारासकट सगळं सांगून टाकलं. बाकावर नंबर लावून बसलेली माणसं वर बघू लागली. आता चेष्टा होणार म्हणून मास्तर तयार होते. रोखपालांनी मात्र आवाज खाली आणून विचारलं, लघवीला झोपेतून सारखं उठावं लागतं, ते काय असतं?

"ते डॉक्टरला दाखवायचं असतं," मास्तर म्हणाले, "आणि या आठवड्यातच."

त्यानंतर त्या खुर्चीत बढायांइतकीच दुखणीही बोलली जाऊ लागली. चाहूल लागली की मास्तर वस्तरा ठेवत आणि गिऱ्हाईक न विचारता थांबे. हात पुन्हा पूर्वीसारखा बिनधास्त चालू लागला. गाठही आटत होती.

इच्छा मात्र गेली ती गेलीच. एका सुट्टीच्या सकाळी त्यांनी हे बायकोला सांगितलं.

"माझ्यातला नवरा संपला बघ."

ती उठली. मग तिने स्टूल बाल्कनीत नेऊन ठेवलं, खांद्यावर टॉवेल घेतला आणि वेणी सोडली.

"मानेपर्यंत कापा."

अर्ध्या गावाचे केस कापले होते त्यांनी, तिचे कधीच नाही. त्यांनी केस ओले केले, कंगवा फिरवला, कानामागची बट बोटाने बाजूला धरली. तिची मान इतक्या उजेडात, इतक्या निवांतपणे त्यांनी आजवर पाहिली नव्हती. करडे केस टॉवेलवर पडत राहिले. त्यांनी कुठलीही घाई केली नाही. शेवटी वाकून त्यांनी मानेवर चिकटलेल्या बारीक केसांवर हळूच फुंकर मारली.

तिच्या मानेवर काटा उभा राहिला.

"अजून एकदा," ती डोळे मिटून म्हणाली.