यंत्रात दोष नाही

हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे काही मोठं यंत्र नाही. बारीक आवाज घ्यायचा, जरा जोरकस करायचा, कानाशी पोचवायचा आणि मध्ये स्वतःचं काही मिसळायचं नाही. काम एवढंच. तेवढंही धड न करता पुढे बोटभर जाडीचं अ‍ॅल्युमिनियम ठोकून, निळा दिवा लावून डबे विकणारे लोक या जगात आहेत. मी तीस वर्षं असले डबे दुरुस्त करतोय. माझी जीभ त्यामुळे तिखट झाली असं बायको म्हणते. मी म्हणतो, मी बरोबर तेच बोलतो. ताईच्या प्रकरणापर्यंत मला तसं खरंच वाटत होतं.

माझी ताई बोलक्या पुस्तकांच्या स्टुडिओत ऐकायचं काम करते. बावीस वर्षं झाली. वाचणारा वाचून जातो, मग ताई ते पहिल्या ओळीपासून ऐकते. खुर्ची करकरली, बाहेर कुणी दार लावलं, की तेवढा भाग परत वाचून घ्यायचा. लहानपणी वडिलांच्या सायकलची साखळी तिला पार कोपऱ्यावरून ऐकू यायची. "आले रे," ती म्हणायची, आणि मी खोललेला रेडिओ पलंगाखाली सरकवून पुस्तक उघडायचो. तिच्या कानांनी माझा किती मार वाचवला त्याला गणती नाही.

तीन महिन्यांपूर्वी स्टुडिओत नवे अ‍ॅम्प्लिफायर आले, चार टेबलांवर चार. ताईने दुसऱ्याच दिवशी तक्रार केली, की यात सतत सुस्स असा आवाज येतो. बाकी तिघांना काही ऐकू येईना. मग एका पुस्तकात मागे घरघर आहे अशी ऐकणाऱ्यांची तक्रार आली, आणि ते पुस्तक ताईनेच पास केलेलं होतं. साहेब म्हणाले, "ताई, वय झालं की कान वाजतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही." तिला पुढच्या दारात फोन घ्यायला बसवायचं ठरलं. बावीस वर्षं जिने दुसऱ्यांच्या चुका ऐकल्या, तिने आता "थांबा हं, जोडून देते" म्हणत बसायचं!

शेवटचा उपाय म्हणून तिनेच साहेबांना सांगितलं, माझा भाऊ यातला माणूस आहे, त्याला दाखवा.

मी गेलो. माझा एक नियम आहे. कुठलंही यंत्र तपासायचं ते आपल्या स्वतःच्या हेडफोनवर. माझे हेडफोन जुने, जड, गाद्यांचे. एकवीस वर्षं मी दुसऱ्या कशावर भरवसा ठेवलेला नाही. ते लावले, कान देऊन ऐकलं. काही नाही. चिडीचूप.

"बंद केलं की थांबतं रे," ताई हळूच म्हणाली. "चालू केलं की परत येतं."

"मनाचे खेळ असतात, ताई," मी म्हणालो, आणि साहेबांच्या कागदावर लिहून दिलं: यंत्रात दोष नाही. खाली सही ठोकली. ताईने कागदाकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि आत निघून गेली.

सोमवारी तिची खुर्ची बदलणार होती. रविवारी सकाळी ती माझ्या दुकानात आली. स्टुडिओचा गेटपास करून तिने तिच्या टेबलावरचा डबाच पिशवीतून आणला होता. टेबलावर ठेवला आणि स्वतःची ऐकायची बोंडं माझ्यासमोर धरली. स्टुडिओत बाकी तिघांचे हेडफोन माझ्यासारखेच गाद्यांचे; ती एकटी कानात घालायचे छोटे हेडफोन वापरते, कारण गाद्यांच्या हेडफोनने चष्म्याच्या काड्या रुततात.

"हे घालून ऐक."

दुसऱ्याच्या कानातलं आपल्या कानात घालायची मला किळस येते. पण तिचा चेहरा बघून घातले.

सुस्स. कुकरची शिट्टी बिघडावी तसं, एकसारखं. मी आवाजाचं बटण शून्यावर आणलं. तरी सुस्स तेवढंच. माझे जड हेडफोन मुळातच आळशी, त्यांना हलवायला मोठा जोर लागतो. हिचे नाजूक, त्यांना फुंकरही पुरते. जो आवाज माझ्यापर्यंत पोचतच नव्हता, तो ही बाई तीन महिने रोज आठ तास सोसत होती.

डबा उघडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर तो जाडजूड पत्रा, आत सगळा उघडा संसार. बटण आधी आणि आवाज वाढवणारा भाग नंतर, तोही थेट वीसपट! दुपटी-तिपटीत काम झालं असतं. वीसपट कशासाठी, तर खोक्यावर 'प्रचंड ताकद' छापायला. म्हणजे बटण कितीही खाली आणा, आतल्या भागाची स्वतःची कुरकुर वीसपट होऊन कानात पडणारच. ज्याने हे बनवलं त्याने अक्कल कुठे गहाण ठेवली होती? दिवा निवडण्यात जेवढा वेळ घालवला, त्याच्या निम्मा वेळ तरी एकदा ऐकून बघायचं होतं! मी तोंडाला येईल ते बोलत होतो.

आवाज किती पट वाढवायचा ते ठरवणारे डाव्या-उजव्या बाजूंचे रेझिस्टर बदलून वीसपटीचं तीनपट केलं. ताईने बोंडं कानात घातली आणि तक्रार आलेलं पुस्तक मोबाईलवरून लावलं. अर्ध्या मिनिटात म्हणाली, "फ्रिज आहे. शेजारच्या खोलीत फ्रिज चालू होता. या सुस्सखाली मला तो ऐकूच आला नाही." आणि रडायला लागली.

सोमवारी आम्ही दोघं साहेबांच्या केबिनमध्ये. "पण तुम्हीच तर लिहून दिलंय," ते म्हणाले आणि फाईल काढली.

"मी चुकीचं लिहिलं. माझे हेडफोन बहिरे आहेत आणि मी गाढव आहे. आता बाहेरच्या टेबलावरचा एक डबा मागवा, त्याला ताईची ही बोंडं लावा आणि कानात घाला."

डबा आला. त्यांनी रुमालाने बोंडं दोनदा पुसली, मग घातली. बटण शून्यावर होतं. त्यांचा चेहरा उतरत गेलेला मी बघितला, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. "हे इतके दिवस..." म्हणाले आणि ताईकडे बघायचं टाळून त्यांनी तिच्या बदलीचा कागद फाडला.

उरलेले तीन डबे तिथेच दुरुस्त करायला बसलो. ताई तिच्या जुन्या खुर्चीत. माझी टकळी चालूच होती: असल्या साहेबांना लाज वाटायला हवी, माणसावर विश्वास नाही, डब्यावर आहे.

"साहेबांना माझे कान कुठे माहीत होते," ताई शांतपणे म्हणाली. "तुला माहीत होते."

मी डब्याचे स्क्रू पिळत बसलो. ते केव्हाच घट्ट झाले होते.