समोरच्या गाडीचा हात

आमच्या ट्रकांचा कारभार बघणारे जावई भाविकराव यांना डायवर एकमेकांशी दोन शब्द बोलले तरी वेळेची नासाडी वाटते. वळ गावच्या गोदामातून आमचे ट्रक मोखाड्याच्या घाटाने नाशिकला जातात. त्या रस्त्याला मोबाईलची रेंज न्हाय. म्हणून समोरून येणारा डायवर हात काढतो, आणि खिडकीला खिडकी लावून पुढचा रस्ता कसा हाय ते सांगतो. जावईबापूंनी सगळ्यांना मोबाईल वाटले आणि फर्मान काढलं, "वाटेत थांबून गप्पा मारणाऱ्याची ड्युटी बंद!"

मंगळवारी घाटात समोरून येणाऱ्या अय्यूब डायवरने टेम्पोतून हात काढला, हॉर्न वाजवला. आमचा हिरामण नोकरीच्या भीतीने थांबलाच न्हाय. पुढे रस्त्याखालची मोरी पाण्याने वाहून गेली होती. ट्रक कलंडला, हिरामणचा पाय मोडला. अय्यूबला चैन पडेना, तो मागे फिरला, म्हणून हिरामण वाचला. ती खबर एका गाडीकडून दुसऱ्या गाडीकडे होत माझ्या ओटीवर आली, तेव्हा हे शहाणे जावई अजून फोनच लावत बसले होते.

मी म्हटलं, "जावईबापू, ठेवा तो डबा. अय्यूबच्या हॉर्नाएवढीसुद्धा अक्कल तुमच्यात न्हाय. हिरामण चालायला लागेपर्यंत ट्रकवर क्लीनर म्हणून तुम्ही जायचं."