बोलेरोतला ढोल

त्रिंबक ढोल वाजवायचा तेव्हा बोलती माणसं गप व्हायची. हे वाढवून सांगत नाही; भोकरदनच्या अलीकडच्या कुठल्याही गावात विचारा. बिरोबाच्या जत्रेत गजी खेळायला, म्हणजे धनगरी नाचाला, दोन रांगा समोरासमोर उभ्या राहायच्या, त्रिंबकचा पहिला ठोका पडायचा आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही छातीत हलायचं. पण खुद्द त्याला विचारा, तो मान हलवायचा. आबाच्या हाताची सर न्हाई, म्हणायचा. आबा म्हणजे त्याचा बाप, कचरू. लहानपणी त्रिंबक मेंढरं वाऱ्यावर सोडून रांगेपुढं जाऊन बसायचा आणि बापाचा ढोल ऐकायचा. ते ऐकणं अंगात इतकं मुरलं, की पुढं उभा जन्म वाजवूनही स्वतःचा ढोल त्याला नुसता दणका वाटायचा.

गेल्या साली त्याला झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र खुंटीवरच्या सदऱ्यासारखा लोंबत राहिला. ढोल त्यानंच माळ्यावर टाकायला लावला. आता जत्रा उद्यावर आली, तर म्हातारा म्हणे, मी यायचा न्हाई. जन्मभर आबासारखं एकदा जमलं न्हाई, शेवटी देव पण कंटाळला अन् हात काढून घेतला, आता तिथं जाऊन काय तोंड दाखवू? हे त्याच्या पोरानं, परमेश्वरनं, ऐकलं आणि म्हाताऱ्याला जत्रेला न्यायचंच असं ठरवलं.

परमेश्वर भोकरदन ते जालना बोलेरो चालवतो. माणूस भला, पण डोक्यात एकदा घेतलं की संपलं. त्याच्याकडं एक पेनड्राइव्ह होता. दोन जत्रांमागं काही रेकॉर्डिंगवाले चांगले माइक घेऊन आले होते. त्यांनी रांगेपुढं बसून त्रिंबकचा ढोल टिपला होता आणि एक कॉपी पोराला दिली होती. मोबाइलवर ते लावलं तर पत्र्याचा डबा बडवल्यागत वाजायचं. म्हणून पठ्ठ्यानं गाडीत अँप्लिफायर बसवला, जाड आवाज काढणारे मोठे वूफर आणले. म्हाताऱ्याला एकदा त्याचाच ढोल ऐकवायचा, मग कसा येत नाही जत्रेला ते बघू, असा त्याचा बेत.

गाडीत मागं समोरासमोर दोन बाक होते; एक वूफर दुकानदारानं त्यातल्या एका बाकाखाली बसवून दिला. समोरच्या बाकाखालचा दुसरा परमेश्वरनं घरी आणून आपल्या हातानं बसवला, आणि इथं त्यानं जी अक्कल चालवली ती गजी खेळणाऱ्याच्या पोराशिवाय कुणाला सुचायची नाही. दोन गडी समोरासमोर उभे राहिले की एकाचा उजवा तो दुसऱ्याचा डावा. हे वूफरही समोरासमोरच! त्यानं दुसऱ्याच्या तारा उलट्या जोडल्या, प्लसची मायनसला आणि मायनसची प्लसला, आणि वर बायकोला, प्रांजलीला, हे शास्त्र अंगणभर ऐकू जाईल असं समजावूनही सांगितलं.

दुपारी अंगणात त्यानं पेनड्राइव्ह लावला. झांजा कडाडल्या, माणसांचा गलका आला, ढोल मात्र गायब. त्यानं अँपवरचं आवाज वाढवायचं बटण, गेनचं, पिळलं. मागची काच खडखडायला लागली, वळचणीची कबुतरं उडाली, ढोल काही येईना. जितका आवाज वाढवावा तितका तो दडून बसायचा. प्रांजली म्हणाली, कुणीतरी ढोल गोधडीत गुंडाळून वाजवून राह्यलंय. परमेश्वरला राग आला, पण खोटं काय होतं त्यात? त्यानं बटण अजून पिळलं.

त्या गोंगाटानं लिंबाखाली पडलेला त्रिंबक उठून आला. कुणाचं वाजवणं आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्या कालव्यात ओळखूही येत नव्हतं. बंद कर म्हणायला तो आला खरा, पण वूफरचा पडदा हलताना दिसला आणि थबकला. मागं चढून बाकावर टेकला. डावा तळवा त्यानं एका वूफरवर हलकेच ठेवला. दुसरा हात चालत नव्हता, म्हणून चप्पल काढून अनवाणी पाऊल समोरच्या वूफरला लावलं आणि डोळे मिटले. वाजवणारा ढोलाच्या कातड्याची तपासणी करतो, अगदी तसा.

"पर्म्या, हा बाहेर येतो तवा तो आत जाऊन राह्यला, याचा ठोका तो गिळतो," तो म्हणाला. "समोरासमोर उभे राहिले म्हणून काय झालं? गजीत दोघांचं पाऊल एकदमच पडतं ना?"

परमेश्वरनं कपाळावर हात मारला आणि बाकाखाली शिरला. तारा सुलट केल्या. बापाच्या सांगण्यावरून गेन उतरवला, काचेची खडखड थांबेपर्यंत. झांजेची किणकिण वूफरमध्ये शिरत होती, ती दुसऱ्या बटणानं बाहेर काढली. प्रांजलीलाही आत बसवलं, दारं लावून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

आणि ढोल आला, बाप रे! आवाज मोठा नव्हता, पण पायाखालून चढला, पाठीच्या कण्यानं वर गेला आणि काचेपलीकडं अंगणात कुणीतरी उभं राहून वाजवावं तसा समोर उभा राहिला. काठीचं टिपरू कुठं पडलं, तळवा कुठं घासला, सगळं वेगळं कळत होतं. प्रांजलीच्या हातावर काटा आला. परमेश्वर एवढी वर्षं त्या ढोलाच्या आगेमागे नाचला होता, पण असं काही या गाडीत मावेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्यानं बापाकडं पाहिलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी दाढीत उतरत होतं.

"आबा," त्रिंबक म्हणाला. "हा आबाचा ढोल हाय. कुठून आणला रे?"

कचरूआबा गेला तेव्हा गावात वीज नव्हती, रेकॉर्डिंग कुठलं? परमेश्वर बापाजवळ सरकून म्हणाला, "दादा, आबाचा न्हाई. तुमचा हाय."

त्रिंबकनं नाही नाही अशी मान हलवली. तेवढ्यात रेकॉर्डिंगमधला ढोल चढत गेला आणि गर्दीतून कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं, वा रे त्रिंबक! म्हाताऱ्याची मान हलायची थांबली. ढोल संपला तरी तो समोरच्या काचेकडं बघत होता. त्यानं पुन्हा लावायला सांगितलं, आणि मग पुन्हा. डावा हात मांडीवर ठेका धरत होता.

बऱ्याच वेळानं तो खाली उतरला. ढोल माळ्यावरून काढ, म्हणाला, दोऱ्या ढिल्या झाल्या असतील, आजच ओढून घे. उद्या रांगेपुढचा ढोल तू घ्यायचास. परमेश्वर घाबरला. तुमच्यासारखं मला जमायचं न्हाई दादा, म्हणाला.

"वाजवताना तुला दणकाच ऐकू येईल," त्रिंबक म्हणाला. "मला बी तेवढाच येत होता. तू वाजव. मी समोर बसतो अन् कसा वाजला ते सांगतो तुला."