सगळ्यांनाच उशीर

स्कोप्येच्या ट्रकतळामागे दर आठवड्याला तपासणीची पांढरी गाडी यायची. धंद्यावरच्या बाया एकेक करून आत जायच्या, बोटातून रक्त द्यायच्या, निरोधाची पाकिटं पिशवीत टाकून उतरायच्या. सगळं ठीक असलं की बाई लगेच उतरे, हे आता टपरीवरच्या रिकामटेकड्यांनाही ठाऊक झालं होतं.

वेर्का उतरत नव्हती.

"एचआयव्ही आहे," नर्स लेन्चे तिचा हात धरून म्हणाली. "रोज गोळी घे, म्हणजे लेकीच्या लग्नात नाचशील. उद्या मोठ्या दवाखान्यात ये. मिलालाही आण, तिचंही रक्त बघून टाकू."

लेकीचं नाव ऐकताच वेर्का खिडकीशी सरकली. तिनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. टपरीवर जिव्को सूर्यफुलाच्या बिया चघळत बसला होता. त्याच्याच खोलीत मायलेकी राहत. मागं आजाराच्या नुसत्या संशयावरून त्यानं एका बाईची गादी रस्त्यावर फेकली होती.

"फार वेळ झाला गं. त्याला कळणार."

डोळे पुसून ती उतरली. दाराशी त्रायांका उभी होती, सगळ्यांत थोराड आणि तोंडाळ. तिनं वेर्काच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं.

"तुझाही रक्तदाब मोजत बसली ना लेन्चे?" ती टपरीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली. "आज भाषणाचा दिवस दिसतोय. सरक, माझी पाळी!"

ती आत गेली ती येईचना. तिच्यामागून सेवदा गेली, तिला त्याहून उशीर. मग वान्या. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"आत काय लग्न लागतंय का?" जिव्को वैतागला.

"तुझंच जमवतोय," सेवदा म्हणाली, "पण नवरी तयार होईना!"

हशा पिकला. टरफलं थुंकून जिव्को घराकडे निघून गेला.

त्रायांका वेर्काशेजारी टेकली. "उद्या मोठ्या दवाखान्यात मीही येते. एकटीनं बाकावर बसायला नको."

"ताई," वेर्का पुटपुटली, "मिलाला माझ्या ताटातलं भरवते मी. चालतं ना?"

त्रायांकानं पिशवीतून तीळ लावलेलं पावाचं कडं काढून तिच्या हाती दिलं. वेर्कानं एक घास घेतला. त्रायांकानं ते परत ओढून घेतलं आणि तिच्याच उष्ट्या कडेला दात रोवले.

"चालतं," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "पण मीठ कमी आहे मेलं."