सात नंबर

शनिवारी दुपारी सव्वातीन वाजता ग्राफिक्स कार्ड सात नंबरमध्ये बसलं नाही. चार सेंटिमीटर कमी पडले.

नाकिमुलीनं ते तिरकं धरून पाहिलं, खालून सरकवून पाहिलं. त्या जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या अंगाला हार्डडिस्क ठेवायचा पत्र्याचा कप्पा होता. कार्डाचं टोक दर वेळी त्याच्यावर आपटत होतं.

"न्याबो, अहो बाई, टॅक्सी नाही ही," काउंटरमागून सालोंगो म्हणाला. "सरका सरका म्हणून अजून एक आत कोंबायला."

त्याचं खरं नाव दुकानांच्या ह्या आर्केडमध्ये कुणाला आठवत नसे. जुळी झाली त्या दिवसापासून तो सालोंगो, म्हणजे जुळ्यांचा बाप. त्याच्या डोक्यावर पाटी होती: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. कार्ड मागच्याच शनिवारी त्याच्याकडून घेतलं होतं.

तिनं खिशातली यादी काढली. प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकमेकांना चालणारे, मेमरी योग्य पिढीची, पॉवर सप्लाय पुरेसा. महिनाभर इंटरनेटवर ताडून तिनं प्रत्येक ओळीपुढे खूण केली होती. फक्त इंटरनेटला सात नंबर ठाऊक नव्हता.

"आमच्या वेळी काहीही कशातही बसायचं," सेम्वांगा म्हणाला. कॅबिनेट मांडीवर घेऊन तो वांडेगेयाहून आला होता. पँटवर अजून धूळ होती.

"तुमच्या वेळी कार्ड बिस्किटाएवढं होतं, बाबा."

वांडेगेयात त्याचा सायबर कॅफे होता, बारा मशीनचा. प्रत्येकावर लाल रंगात नंबर. काउंटरवर तो बसे, मशीनची दुरुस्ती नाकिमुलीची आई बघे. दुपारी गिऱ्हाईक पातळ झालं की कोपऱ्यातला सात नंबर पोरीला मिळायचा. त्यावर ती गाड्या पळवायची, एका हातात रोलेक्स, म्हणजे चपातीत गुंडाळलेलं आम्लेट, त्याचं तेल कोपरापर्यंत आलेलं. हरली की आई पाठीमागून म्हणायची, "वळणावर ब्रेक कोण मारणार, मी?" कॅफे बंद झाला तेव्हा अकरा मशीन विकली गेली. सातला गिऱ्हाईक मिळालं नाही, असं सेम्वांगा सांगे.

"नवी पेटी घ्या," सालोंगो म्हणाला. "काचेची. आत दिवे लागतात."

"नको. ह्यातच बांधायचंय."

"मग हा कप्पा कापावा लागेल. चार रिव्हेट. ड्रिलनं पाच मिनिटांचं काम."

नाकिमुलीनं वडिलांकडे पाहिलं.

"काप," सेम्वांगा म्हणाला. "पत्राच तर आहे."

सालोंगोनं आधी जुनी हार्डडिस्क सोडवली. ती बाहेर ओढली, आत बोट घालून धूळ पुसली आणि वाकून बघू लागला.

"इथं कुणीतरी लिहून ठेवलंय."

काळ्या मार्करची बारीक, सरळ अक्षरं. मिस्त्री करतात तशी दुरुस्तीची नोंद, एकाखाली एक. नाकिमुलीनं मोबाइलचा दिवा धरला.

"वाचा की," सालोंगो म्हणाला.

"मार्च. आत मुंग्या. साफ केलं." ती थांबली. "ऑगस्ट. पोरीनं कीबोर्डवर तेल सांडलं. धुतला. डिसेंबर, पुन्हा मुंग्या. एप्रिल, पुन्हा पोर."

सालोंगो हसला. "मुंग्यांइतकाच तुमचाही त्रास."

सेम्वांगा हसला नाही. तो काउंटरच्या कडेवरचा एक ओरखडा नखानं घासत होता.

शेवटच्या ओळीला तारीख होती. नाकिमुलीला ती तारीख वाचावी लागली नाही. त्याच आठवड्यात आईला मुलागोच्या इस्पितळात नेलं होतं. पुढे लिहिलं होतं: पंखा आवाज करतो. पुढच्या महिन्यात बदलायचा.

तिनं दिवा बंद केला.

सालोंगोनं ड्रिल उचललं होतं. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या वडिलांकडे. "मग, सेबो? कापू, साहेब?"

सेम्वांगानं कॅबिनेट फिरवून मागची बाजू पुढे घेतली. तिथे जुना पंखा होता, पात्यांवर राखाडी लोकर साचलेली. त्यानं बोटानं एक पातं हलवलं. ते कुरकुरलं आणि अडकलं.

"ह्या मापाचा मिळेल?"

"आठ सेंटिमीटरचा? आहे की एखादा डब्यात. पण सेबो, त्यांच्या यादीत पंखा नाहीये."

"मी कुठं यादी विचारली?"

 नाकिमुलीनं यादी उलटी करून काउंटरवर ठेवली आणि पेचकस वडिलांच्या हातात दिला. पहिला स्क्रू गंजला होता. दुसऱ्याला तिनं पंखा धरून ठेवला, त्यानं स्क्रू फिरवला.

पावणेसहाला सालोंगोनं शटर अर्धं खाली ओढलं. तोवर सात नंबरमध्ये नवा पंखा बसला होता, चारही स्क्रू नीट. कार्ड काउंटरवर होतं, ड्रिल त्याच्या शेजारी.