काठीने हटलेलं पाणी

सकाळी गल्लीत घोटाभर पाणी आणि पायऱ्यापायऱ्यांवर हात जोडलेली माणसं. मधोमध खुर्चीवर काठीबाबा. त्याने काठी पाण्यात रोवली, डोळे मिटले, घसा खाकरला. "सागरा, माघारी फीर. माझ्या लेकरांना हात लावू नकोस." थोड्याच वेळात पाणी खरंच मागे सरलं. माझे काका चिखलात लोटांगण घालायला निघाले. मी सदरा धरून त्यांना ओढलं.

"काका, उद्या सकाळी वादळ येतंय. घर सोडायला सांगितलंय."

"बाबा असताना कसलं वादळ? आम्ही दोघं इथून हलणार नाही."

काकूला दोन पायऱ्या चढायलाही खांदा लागतो. पाणी घरात शिरलं तर तिला उचलणार कोण, हे काकांनी बाबावर सोपवलं होतं. मला भयंकर संताप आला.

माझी बहीण पूरनियंत्रण कार्यालयात संगणकावर शेकडो खोटी वादळं घडवते आणि कोणत्या वादळात कोणती गल्ली बुडेल ते बघते. काका त्याला भातुकली म्हणतात. दुपार कलता कलता ती आली आणि काकांना सरळ बेसिनपाशी घेऊन गेली.

तिने नळ सोडला. "ही नदी." मग भोकावर तळवा दाबला. "ही भरती. समुद्र इथून दिसत नाही, पण गल्लीचं गटार तिकडेच उघडतं. समुद्र चढला की पाणी तुंबतं." हात काढताच बेसिन रिकामं झालं. "ही ओहोटी. बाबा काठी रोवतो ती नेमकी ओहोटी लागताना."

"योगायोग असेल."

"मग बोलवा त्याला. आत्ता भरती चढतेय."

बाबा गल्लीत आला, खुर्चीत बसला आणि चढतं पाणी बघून चुळबुळला. "आत्ता सागर ध्यानात आहे. दिवेलागणीनंतर उठेल."

"दिवेलागणीनंतर ओहोटी लागते," बहीण म्हणाली. पायऱ्यांवर कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबाला अचानक दुसऱ्या भक्ताची आठवण झाली.

घरात येऊन तिने नळ पूर्ण सोडला आणि भोक पुन्हा दाबलं. "नुसता नदीला पूर आला किंवा वादळाने नुसता समुद्र चढला, तर माझ्या वादळांत इथे गुडघाभर पाणी येतं. उद्या दोन्ही एकदम येणार आहेत, तेही ऐन भरतीला." पाणी काठावरून सांडून शेजारी बसलेल्या काकूच्या पावलांवर आलं.

"मला उचला," काकू म्हणाली. "यांना यायचं तर येतील."

काका तिच्या मागून निघाले. त्यांचं बघून बाकीची बिऱ्हाडंही हलली.

दुसऱ्या दिवशी उंचावरच्या शाळेच्या गच्चीवरून आम्ही पाहिलं. काकांच्या घराचं फक्त छप्पर दिसत होतं.

"पण काल पाणी हटलं होतं," काका पुटपुटले.

"रोज हटतं," काकू म्हणाली, "आणि रोज चढतंही. ते कुणाच्या काठीने चढतं, हे कधी विचारलंत?"

तुमच्याकडेही असा कुणी बाबा येईल. हात जरूर जोडा, पण आधी त्याला पाणी चढत असताना बोलवा.